अँटिबायोटिक पॉलिसीचं अ‍ॅप करायचं घाटतंय, अनुभवी लोकांनी लिहा

पेट्रीडिश

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी मायक्रोबायोलॉजीवाली. जिल्ह्याच्या ठिकाणी तीनेकशे खाटांचं, रेसिडेंट असलेलं हॉस्पिटल, नाव नको. आमच्याकडे अँटिबायोटिक पॉलिसी आहे बरं का, म्हणजे कुठल्या इन्फेक्शनला कुठलं अँटिबायोटिक, किती दिवस द्यायचं याचे हॉस्पिटलचे नियम. चौसष्ट पानी, स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर. एनएबीएचच्या (हॉस्पिटलांना मानांकन देणारी संस्था) इन्स्पेक्शनला टेबलावर येते आणि मंडळी जेवून गेली की परत मेट्रनच्या कपाटात.

गेल्या महिन्यात रात्री पावणेदोनला सर्जरीच्या फर्स्ट इयरचा फोन. अपेंडिक्स फुटलेलं, ऑपरेशन झालंय, पस पाठवतोय, लॅबचे मामा घेत नाहीयेत. म्हटलं घ्यायला सांगते, चालू काय केलंयस? म्हणाला मेरोपेनेम आणि मेट्रोनिडाझोल. अरे मेरोपेनेम अ‍ॅनारोब्जना (हवेशिवाय वाढणारे जंतू) पण मारतं, वर मेट्रो कशाला? "मॅडम आमच्या युनिटला मेट्रो सगळ्यांनाच असतं." बरं, आणि डायरेक्ट मेरोपेनेम का? "पेशंट सिक वाटला." पॉलिसीत बघितलंस का? तर पलीकडून अगदी निरागसपणे, "मॅडम अशी काही पॉलिसी आहे आपल्याकडे?"

पोराची चूक नाहीये. रात्री दोन वाजता मेट्रनचं कपाट कोण उघडणार. त्याच्या खिशात फोन होता, त्यात सीनियरचा नंबर होता, त्याने तो लावला.

तर आता कमिटीत ठरतंय की अ‍ॅप करू. एक व्हेंडर येऊन गेला, त्याने एवढा आकडा सांगितला की डीन सर खुर्चीत मागे रेलले. माझे प्रश्न:
बाहेरचं तयार अ‍ॅप वापरावं का आपलं करावं? अ‍ॅपमुळे खरंच प्रिस्क्रिप्शन बदलतं का कुणी बघितलंय? आणि कुणी असलं काही चालवलं असेल तर सहा महिन्यांनी त्याचं काय झालं?

हे खूळ कशासाठी असं कुणी विचारेल म्हणून सांगते. एनसीडीसीने (केंद्र सरकारचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र) २०२१-२२ मध्ये देशातल्या वीस मोठ्या हॉस्पिटलांत पाहणी केली होती. भरती पेशंटपैकी जवळपास ७२ टक्के लोकांना अँटिबायोटिक चालू होतं, त्यातली निम्म्याहून जास्त नुसती "होऊ नये म्हणून" दिलेली, आणि नेमका जंतू कळल्यावर दिलेली फक्त ६ टक्के. सहा! लॅबमध्ये बसून हे वाचलं की आपण कल्चरच्या प्लेटा (नमुन्यातला जंतू वाढवून कुठलं औषध चालतं ते बघायच्या) लावतो तरी कुणासाठी असं होतं.

टपरीवरचा_चहा

पहिला मी. सविस्तर लिहितो घरी गेल्यावर, तोवर व्हेंडरला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

गावाकडचा_नॉर्दर्नर

चांगला धागा. मी इंग्लंडच्या उत्तरेला एका हॉस्पिटलात मेडिसिनला आहे, बारा वर्षं झाली (मूळ सातारा).

इथे हे आता इतकं अंगवळणी पडलंय की वेगळं काही वाटत नाही. सुरुवात झाली साधारण २०११ ला, लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या हॉस्पिटलांनी आपली पॉलिसी ज्युनियर डॉक्टरांच्या फोनवर टाकली. त्याच सुमारास इथल्या सरकारने "स्टार्ट स्मार्ट, देन फोकस" काढलं होतं, म्हणजे सुरू करताना विचार करून करा, का देताय ते लिहा, आणि ४८ ते ७२ तासांनी परत बघा की बंद करायचं, बदलायचं, गोळीवर आणायचं का चालू ठेवायचं. मग मायक्रोगाइड नावाचं अ‍ॅप खूप ट्रस्टांनी (म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलांच्या संस्थांनी) घेतलं. त्याची गंमत अशी की ढाचा एकच पण आतला मजकूर प्रत्येक हॉस्पिटलचा आपापला. मी एका गावातून दुसऱ्या गावात बदलून गेलो तेव्हा पहिल्या दिवशी एचआरने सांगितलेलं पहिलं काम म्हणजे फोनवर नवीन ट्रस्टची गाइडलाइन उतरवून घ्या.

वापर कसा होतो सांगतो. रात्री आजी येतात, ताप, गोंधळलेल्या, लघवीचा त्रास. फोन काढायचा, लघवी, वरचं का खालचं इन्फेक्शन, सेप्सिस आहे का, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का, असल्यास नुसतं पुरळ का श्वास अडकलेला. चार टिचक्या आणि औषध, डोस, किती दिवस. जेंटामायसिनला वय, वजन, उंची, क्रिएटिनिन टाकलं की डोस निघतो. हा जेंटाचा कॅल्क्युलेटर काढून घेतला तर इथे संप होईल.

आता कडू भाग. प्रिस्क्रिप्शन बदलतं का? इंपीरियलच्या लोकांनी स्वतःच नंतर मोजलं तेव्हा सरसकट सुधारणा दिसली नाही, काही ठिकाणी काही गोष्टींत दिसली, काही ठिकाणी नाही. आणि त्याच टीमने २०१३ मध्ये आणखी एक लिहिलं होतं ते मला जास्त पटलं, की हॉस्पिटलात प्रिस्क्रिप्शनचा एक शिष्टाचार असतो, कन्सल्टंटने सुरू केलेलं औषध ज्युनियर बंद करत नाही आणि दुसऱ्याच्या पेशंटच्या औषधाला कुणी हात लावत नाही, पॉलिसी काहीही म्हणो. तुमचा "आमच्या युनिटला मेट्रो सगळ्यांनाच" तो हाच. अ‍ॅप पोराच्या खिशात टाकाल, पण सरांच्या खिशात आहे का?

वाळूचा_किल्ला

वाचनखूण साठवली. शेवटचं वाक्य दंडवत.

आडवाटेचा_सर्जन

मी तालुक्याच्या गावी तीस खाटांचं चालवतो, सव्वीस वर्षं झाली, त्यामुळे जरा तिरकं लिहितो, हलके घ्या.

पाहणी करणारे मोठ्या हॉस्पिटलात फिरतात, माझ्या ओटीत या. पावसाळ्यात लाइट जाते, ऑटोक्लेव्ह अर्ध्यावर थांबतो, पेशंट ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी शेतात जातो आणि टाका पिकला तर गावात नाव कुणाचं जातं? अ‍ॅपचं नाही जात. मी हर्नियाला पाच दिवस सेफ्ट्रिआक्झोन देतो आणि झोपतो. कल्चर पाठवायचं तर सॅम्पल बसमधून जिल्ह्याला जातं, रिपोर्ट येतो तोवर पेशंट घरी गेलेला असतो, पैसे मात्र माझ्याकडून वसूल करतो.

गाइडलाइन लिहिणाऱ्यांनी एकदा एसटीने प्रवास करावा.

दगडफूल

@आडवाटेचा_सर्जन, सर तुमचं दुखणं खरं आहे, पण पाच दिवसांनी टाका वाचत नाही हो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय की ऑपरेशन आटोपल्यावर प्रोफिलॅक्सिस (इन्फेक्शन होऊ नये म्हणून दिलेलं अँटिबायोटिक) पुढे ओढण्यात फायदा नाही. क्लीन केसला सेफाझोलिन दोन ग्रॅम, काप घेण्याआधी तासाभरात, बस्स. कापण्याच्या वेळी रक्तात औषध पाहिजे, नंतरचे चार दिवस औषध आहे ते तुमच्या झोपेचं. आणि ऑटोक्लेव्ह अर्धवट असेल तर सेफ्ट्रिआक्झोनने काय होणार?

आता पेट्रीडिशताई, तुमच्या पहिल्या प्रश्नावर. मी आयसीयू बघतो. बाहेरची अ‍ॅप्स चांगली आहेत, मी स्वतः सॅनफर्ड आणि जॉन्स हॉपकिन्सचं दोन्ही वापरतो, पण रेसिडेंटच्या हातात नुसतं ते देऊन मोकळं होऊ नका. तीन उदाहरणं देतो.

एक, न्यूमोनिया. अमेरिकन गाइडलाइनप्रमाणे लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सीफ्लॉक्सासिन देता येतं. आपल्याकडे तो न्यूमोनिया टीबी निघाला तर? ही औषधं टीबीवर पण चालतात, पेशंटला दहा दिवस बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडत नाही, निदान लांबतं, आणि एकट्या औषधाने रेझिस्टन्स तयार होतो तो वेगळाच. आपल्या पानावर हे ठळक पाहिजे.

दोन, पावसाळ्यातला ताप. परदेशी अ‍ॅपमध्ये सेप्सिस टाका, ब्रॉड स्पेक्ट्रम (बऱ्याच जंतूंवर चालणारं) निघेल. विदर्भात २०१८ ला स्क्रब टायफसची (बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप) लाट आली होती आठवतंय का, तिथे मेरोपेनेम ओतून उपयोग शून्य, लागते डॉक्सीसायक्लिन, काही रुपयांची गोळी. कोकणात भाताच्या लावणीनंतर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). आणि डेंग्यू असेल तर अँटिबायोटिकच नको. "पावसाळ्यातला ताप" हे पान तुम्हालाच लिहावं लागेल, लंडन-बाल्टिमोरहून येणार नाही.

तीन, आणि यावर माझे केस पांढरे झालेत, कोलिस्टिन, शेवटचा उपाय म्हणून राखलेलं अँटिबायोटिक. कुणी मिलिग्रॅममध्ये लिहितं, कुणी दशलक्ष युनिटमध्ये, आणि मिलिग्रॅम पण दोन प्रकारचे. दहा लाख युनिट म्हणजे कोलिस्टिमेथेटचे (व्हायलमध्ये असतं ते रूप) साधारण ८० मिलिग्रॅम, पण अमेरिकन पद्धतीने, मूळ कोलिस्टिनच्या वजनात, मोजलं तर तेच ३३ च्या आसपास भरतं. एका ठिकाणी वाचून दुसऱ्या ठिकाणची व्हायल घेतली की पेशंटला अडीच पट जातं नाहीतर निम्म्याहूनही कमी. अ‍ॅपमध्ये फक्त युनिट ठेवा, मिलिग्रॅम दाखवूच नका.

बाकी "सिक वाटला म्हणून मेरो" यावर एवढंच, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) नेटवर्कमध्ये ई. कोलाय २०१७ मध्ये इमिपेनेमला (मेरोपेनेमचंच भावंड) ८१ टक्क्यांच्या आसपास सेन्सिटिव्ह होता, २०२३ मध्ये ६३ च्या आसपास आला. सहा वर्षांत. या हिशेबाने माझ्या रिटायरमेंटपर्यंत काय उरतं ते बघा.

निसर्गाकडे_चला

हे सगळं केमिकल घेण्यापेक्षा गुळवेल आणि

दगडफूल

वेगळा धागा काढा, तिकडे येतो.

आडवाटेचा_सर्जन

@दगडफूल, झोपेचं औषध हे आवडलं नाही पण खोटं पण नाही. सेफाझोलिन माझ्या स्टॉकिस्टकडे मिळत नाही, हे मात्र खरंच सांगतोय. सेफ्ट्रिआक्झोन सात कंपन्यांचं मिळतं, एमआर रोज दारात.

गोळीवाला

सर्जन साहेबांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी क्लिनिकल फार्मासिस्ट, आमच्या जमातीला हॉस्पिटलात कुणी विचारत नाही म्हणून इथे लिहितो.

मागच्या नोकरीत आम्ही पॉलिसी फोनवर टाकली होती. साध्या लघवीच्या इन्फेक्शनला नायट्रोफ्युरँटॉइन लिहिलं, उत्तम. आठवड्याभरात रेसिडेंटांनी अ‍ॅप उघडणं बंद केलं. का? तर स्टोअरमध्ये नायट्रोफ्युरँटॉइन नव्हतंच, सेफिक्झिम होतं. खाली जाऊन "नाही" ऐकून परत वर यायचं, दोनदा झाल्यावर पोरं शहाणी होतात. मग मी स्टोअरची यादी आणि पॉलिसी शेजारी ठेवून बघितली, तर पॉलिसीतल्या पहिल्या पसंतीच्या औषधांपैकी कित्येक इंडेंटमध्येच (स्टोअरच्या मागणीत) नव्हती, आणि इंडेंटमध्ये असलेली तीन कॉम्बिनेशनं पॉलिसीत कुठेच नव्हती. ती कुणी मागवली ते विचारायचं नसतं.

म्हणून अ‍ॅप करायच्या आधी स्टोअरकीपरला कमिटीत घ्या. चहा त्यालाच आधी द्या.

दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेची अवेअर वर्गवारी वापरा, २०१७ पासून आहे. अ‍ॅक्सेस हिरवा, वॉच पिवळा, रिझर्व्ह लाल. अमिकासिन, डॉक्सी, सेफाझोलिन, नायट्रोफ्युरँटॉइन हिरव्यात. सेफ्ट्रिआक्झोन, मेरोपेनेम पिवळ्यात. कोलिस्टिन, लिनेझोलिड लाल. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलंय की जगभरात मिळून माणसांना दिली जाणारी ७० टक्के अँटिबायोटिक्स हिरव्या गटातली असावीत. नाव वाचायला रेसिडेंटला वेळ नसतो पण रंग दिसतो. त्यांचं अवेअरचं पुस्तक २०२२ च्या डिसेंबरात आलं, फुकट आहे, डोस आणि दिवस दोन्ही दिलेत. ढाचा तिथून उचला आणि आपलं पाणी घाला.

सिस्टर_इनचार्ज

मी पण लिहू का, डॉक्टर लोकांच्यात बोलायची सवय नाही.

आमच्याकडे वॉर्डात सिस्टरने मोबाइल काढला तर मेमो मिळतो आणि डॉक्टरांनी काढला तर ते "रेफर करतायत". हे आधी मिटवा. कारण इंजेक्शन आम्ही देतो. पातळ किती एमएलमध्ये करायचं, किती वेळात सोडायचं, व्हँकोमायसिन भराभर सोडलं की पेशंट लालेलाल होतो आणि नातेवाईक आमच्या अंगावर धावून येतात, हे तुमच्या अ‍ॅपमध्ये असणार आहे का? का फक्त नाव आणि डोस?

आणि दिवस मोजणं. आमच्या वॉर्डात मी एक केलंय, औषधाच्या चार्टवर अँटिबायोटिकसमोर लाल पेनाने दिवस लिहायचा, दि १, दि २, दि ३. तिसऱ्या दिवशी गोल. राऊंडला गोल दिसला की मी नुसती पेन पुढे करते, बोलत काही नाही. सर बघतात, कधी हसतात कधी चिडतात, पण निदान बघतात. पूर्वी अकराव्या दिवशी कळायचं की अजून चालू आहे, ते पण औषध संपलं म्हणून.

पेट्रीडिश

सिस्टर, तुम्हाला साष्टांग. हा लाल गोल मी चोरणार आहे.

खडीसाखर

मी डॉक्टर नाही, पेशंटची मुलगी. बाबा मागच्या वर्षी एकवीस दिवस ॲडमिट होते, त्यातले नऊ आयसीयू. बिलात अँटिबायोटिकची पाच नावं होती. मी एका डॉक्टरांना विचारलं हे कशासाठी चालू आहे, तर म्हणाले इन्फेक्शनसाठी. कुठलं इन्फेक्शन? तर "हायर अँटिबायोटिक दिलंय, काळजी करू नका." हायर ऐकून आम्हाला उलट बरंच वाटलं होतं खरं सांगायचं तर, वाटलं चांगलं महागातलं देतायत.

आणि एक, डॉक्टर पेशंटसमोर मोबाइलमध्ये बघून औषध लिहितात तेव्हा घरच्यांच्या पोटात गोळा येतो. आमच्या काकांनी तर म्हटलंच होतं, याला येत नाही वाटतं, गुगल करतोय.

गावाकडचा_नॉर्दर्नर

@खडीसाखर, बाबा आता कसे आहेत?
मोबाइलचं म्हणाल तर मी सरळ सांगतो, "तुमच्या आईंच्या किडनीप्रमाणे डोस बरोबर बसतोय का बघतोय." स्क्रीन पण दाखवतो. पाठ केलंय म्हणून चुकीचा डोस लिहिणाऱ्यापेक्षा बघून लिहिणारा परवडला.

दगडफूल

"हायर" या शब्दावर मराठीत बंदी आणली पाहिजे. ते हायर नसतं, रुंद असतं. रायफलऐवजी छर्‍याची बंदूक.
बाकी का देताय ते लिहायचं, हे आता नुसतं सौजन्य राहिलेलं नाही, आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये सगळ्या मेडिकल कॉलेजांतल्या डॉक्टरांना पत्र काढून सांगितलंय की अँटिबायोटिक लिहाल तेव्हा कारण पण लिहा. किती जण लिहितात ते आपापल्या वॉर्डात जाऊन बघा.

खडीसाखर

बरे आहेत, रोज फिरायला जातात, थँक्यू.

टपरीवरचा_चहा

आलो. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, दोन हॉस्पिटलांची असली कामं केलीयेत, त्यातलं एक मेलं आणि एक जिवंत आहे, दोन्हीतून शिकलेलं लिहितो.

मेलेलं आधी. मस्त अ‍ॅप होतं, लॉगिन, डॅशबोर्ड, नोटिफिकेशन, सगळं. उद्घाटनाला फीत कापली. पुढे ज्या मॅडमनी मजकूर दिला होता त्यांची बदली झाली. डोस बदलायचा तर व्हेंडरला मेल, तो दोन महिन्यांनी बिल पाठवणार, मग प्ले स्टोअरवर नवीन आवृत्ती, ती लोक उतरवून घेत नाहीत. वर्षाने उघडलं तर कुणीतरी मजकुरातला टायपो तसाच ठेवलेला, त्यावरून कळलं की कुणीच बघत नाहीये. आणि लॉगिन! रात्री दोनला पासवर्ड कुणाला आठवतो.

जिवंत आहे ते म्हणजे अ‍ॅपच नाहीये. साधं वेबपान, एकदा उघडलं की फोनमध्ये साठतं आणि नेटशिवाय चालतं. हे महत्त्वाचं, कारण तुमचं आयसीयू नक्की तळघरात किंवा लिफ्टच्या मागे असणार आणि तिथे रेंज नसणार. मजकूर एका शीटमध्ये, मायक्रोबायोलॉजीच्या दोघांना बदलायचा अधिकार, बदलला की सगळ्यांच्या फोनवर पुढच्या वेळी नेट आलं की आपोआप नवीन. प्रत्येक पानाच्या खाली तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव, आणि तारीख वर्षाच्या वर गेली की पान आपणहून पिवळं पडतं, "हे जुनं आहे, फोन करून विचारा". फोन नंबर तिथेच. क्यूआर स्टिकर आयकार्डाच्या मागे.

पेशंटचं नाव-गाव काहीही त्यात घेऊ नका, गरज नाही आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मागे लागेल. डोसचा कॅल्क्युलेटर घालणार असाल तर आधी विचारून घ्या, कारण २०२० पासून वैद्यकीय कामाचं सॉफ्टवेअर पण उपकरणांच्या नियमांत येऊ शकतं. नुसतं वाचायचं पान आणि आकडेमोड करून सांगणारं पान यात फरक आहे. सुरुवातीला तक्ता द्या, गणित माणसाने करावं.

खर्च? माझा एक रविवार आणि तुमच्याकडून जेवण.

पिंपळाचं_पान

अवांतर: माझे वडील पिंपरीच्या एचएत होते, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ ची कंपनी. ते सांगायचे की पेनिसिलिनची बाटली म्हणजे तेव्हा केवढं अप्रूप. एचएनेच हॅमायसिन शोधलं, नावातच हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची अद्याक्षरं आहेत. घरात सर्दीला गोळी मागितली की वडील म्हणायचे, ती आम्ही मरणाऱ्यांसाठी बनवतो, तू गरम पाणी पी. चालू द्या.

वाळूचा_किल्ला

अवांतर नाही काका, हेच मूळ विषय आहे.

पेट्रीडिश

सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. तीन आठवडे गायब होते, कारण काम सुरू केलं. आता काय काय झालं ते लिहिते, लांबेल.

आधी अँटिबायोग्राम, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्या जंतूवर कुठलं औषध किती टक्के चालतं त्याचा तक्ता. अ‍ॅपमध्ये "आपल्याकडे लघवीतल्या ई. कोलायला काय चालतं" हे टाकायचं तर ते आपल्याला माहीत पाहिजे ना. आमच्याकडे वर्षाचा तक्ता होता, भिंतीवर फ्रेममध्ये. नीट बघितला तर ओपीडी, वॉर्ड, आयसीयू सगळं एकत्र ढवळलेलं, आणि आयसीयूतल्या एकाच पेशंटचे आठ-आठ कल्चर आठ वेळा मोजलेले. नियम असा की एका पेशंटचा पहिलाच नमुना धरायचा, आणि एका जंतूचे तीस तरी नमुने असल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही. सगळं परत व्होनेटमध्ये भरलं, ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जागतिक आरोग्य संघटनेचं. माझ्या टेक्निशियनने आणि मी तीन रविवार घातले त्यात. आमच्या रक्तातल्या काही जंतूंचे तीस भरतच नाहीत, तिथे आता "नमुने कमी, आयसीएमआरचा आकडा बघा" असं लिहिलंय. ओपीडी वेगळी केल्यावर चित्र एवढं बदललं की मीच दोनदा तपासलं. म्हणजे घरून आलेल्या बाईला आयसीयूच्या भीतीने आपण जड औषध देत होतो. फ्रेम काढून ठेवली.

चहावाल्या दादांनी खरंच रविवार दिला (जेवणात पुरणपोळी होती). चौसष्ट पानांऐवजी सहाच पानं केली. लघवी, न्यूमोनिया, पोट, चामडी, पावसाळ्यातला ताप, ऑपरेशनचं प्रोफिलॅक्सिस. बस्स. मेंदूज्वर आणि हृदयाच्या झडपा वगैरेला एकच ओळ, "फोन करा", आणि नंबर माझा. घरचे वैतागलेत.

स्टोअरकीपरला कमिटीत घेतलं. त्यांना आजवर कुणीच बोलावलं नव्हतं, पहिल्या मीटिंगला इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि एका झटक्यात सांगितलं की सेफाझोलिनचा इंडेंटच कुणी सहा वर्षांत केलेला नाही. आता केलाय.

भांडण झालं ते एकाच ठिकाणी, प्रोफिलॅक्सिसच्या पानावर. सर्जरीच्या एका युनिटने सही करायला नकार दिला. मी म्हटलं सही नको, फक्त पान त्यांच्या नावाने ठेवू, म्हणजे खाली "जबाबदार" मध्ये त्यांचंच नाव, मजकूर तुम्ही लिहा पण तारीख टाका आणि का ते लिहा. दहा दिवस काही आलं नाही. मग सरांनी स्वतः लिहून पाठवलं, सेफाझोलिन एक डोस, मेश (हर्नियाला लावायची जाळी) घातली असेल तर... तिथे त्यांनी "२४ तास" लिहिलंय. मी काही बोलले नाही. पाच दिवसांवरून २४ तासांवर आले, मेशवर पुढच्या वर्षी भांडू.

तो रात्रीचा पोरगा आता दुसऱ्या वर्षाला गेलाय आणि सहा पानांपैकी पोटाचं पान तोच सांभाळतो. परवा त्याचा फोन आला की सरांनी राऊंडला मेरो प्लस मेट्रो सांगितलं, मग काय केलंस, तर म्हणाला, "मॅडम मी फोन उघडून सरांना म्हटलं, सर इथे तुमचं नाव आहे खाली, यात मेट्रो नाहीये, चुकून राहिलंय का, घालू का?" सर म्हणाले राहू दे.

प्रिस्क्रिप्शन खरंच बदललं का ते मला आत्ताच विचारू नका, तीन आठवड्यांत काय कळणार. चार महिन्यांनी एक दिवस सगळे वॉर्ड फिरून मोजणार आहोत, कारण लिहिलंय का, तिसऱ्या दिवशी बघितलं का, पानाप्रमाणे आहे का. आकडे वाईट आले तरी इथे टाकेन.

आडवाटेचा_सर्जन

ताई, ते पावसाळ्यातल्या तापाचं पान मला पाठवता का? प्रोफिलॅक्सिसचं पण पाठवा, बघायला काय जातं. आणि कल्चरचं एक विचारायचं होतं, आमच्यासारख्यांकडे लॅबवाला प्लेट लावू शकतो पण वाचणारा कुणी नाही, त्याला काही फोनवर उपाय आहे का?

पेट्रीडिश

पाठवते सर, दोन्ही. प्लेट वाचायला एक आहे, अँटिबायोगो, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या फाउंडेशनने केलेलं. प्लेटचा फोटो काढायचा, ते औषधाच्या चकत्यांभोवतीची वर्तुळं मोजतं आणि सेन्सिटिव्ह का रेझिस्टंट ते सांगतं, नेटशिवाय चालतं. जिथे मायक्रोबायोलॉजिस्ट नाही अशा जागांसाठीच बनवलंय. पण प्लेट नीट लागली पाहिजे, आगर कमीजास्त जाड झाला की फोन पण चुकणार. तुमच्या लॅबवाल्याला दोन दिवस माझ्याकडे पाठवा, एसटीने आला तरी चालेल :)

आडवाटेचा_सर्जन

टोमणा पोचला. सोमवारी पाठवतो.

गोळीवाला

ताई, सेफाझोलिनची एक्स्पायरी बघून मागवा, पहिल्या लॉटला लोक वापरत नाहीत आणि मग सगळं खापर पॉलिसीवर फुटतं.

सिस्टर_इनचार्ज

मॅडम, तुमचं बघून आमच्या हॉस्पिटलात पण क्यूआर लावलाय, ओटीच्या दारावर. स्पिरिटने पुसून पुसून आठ दिवसांत पांढरा पडला, आता कुणाचाच फोन घेत नाही. तुम्ही लॅमिनेट केलंय का साधा चिकटवलाय?